ब्रह्मकमळ नावाचा पाहुणा

परभणीला माझ्या आत्याच्या घरामागे कडुनिंबाच्या सावलीत तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात लोंबत्या, चपट्या फांद्यांचे एक वेडेवाकडे झाड होते. वर्षातले आठ-नऊ महिने त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. पावसाळा लागला, एखाद्या फांदीच्या कडेला तांबूस टोक दिसले, की मात्र घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नसे. आत्या रोज संध्याकाळी कळी पाहून येई. तीन-चार आठवड्यांनी एके दिवशी ती दुपारीच जाहीर करी, “आज रात्री उमलणार.” तिचा अंदाज सहसा चुकत नसे. शेजारच्या चार घरी निरोप जाई. रात्री नऊच्या सुमाराला बायका हळदीकुंकवाची तबके घेऊन येत, मुले डोळे चोळत जागी राहत. फूल उलगडताना डोळ्यांना दिसे. बाराच्या पुढे ते ताटलीएवढे, पांढरेशुभ्र होई आणि अंगणभर वास सुटे. सकाळी पाहावे तर मान टाकलेली.

सन २००० च्या पावसाळ्यातली अशीच एक रात्र मला चांगली आठवते. मी तेव्हा एम.एस्सी. करत होतो आणि नवीन शिकलेले सगळे लगेच सांगून टाकण्याच्या वयात होतो. आत्या फुलाला कुंकू लावायला वाकली, तेवढ्यात मी म्हणालो, “आत्या, हे ब्रह्मकमळ नव्हेच. हा मेक्सिकोतला निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं.” सगळ्या गप्प झाल्या. निवडुंग बांधावर असतो, त्याला कोणी ओवाळत नाही. कुंकू घेतलेला आत्याचा हात मध्येच थांबला. मग ती शांतपणे म्हणाली, “असंल बाबा निवडुंग. पण मग ह्याला ब्रह्मकमळ म्हणायचं कुणी ठरवलं? ते शिकवलं का तुम्हाला?”

ते शिकवले नव्हते. माझ्याकडे झाडाचे लॅटिन नाव होते, कुळ होते, मूळ देश होता. तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पान की खोड?

सुरुवात झाडापासूनच करू. एखाद्या मुलाच्या घरून याची एक फांदी वर्गात आणता आली तर उत्तम. ‘या झाडाला पानातून पान फुटते आणि फूलही पानालाच लागते’, असे सगळेच सांगतात. मुलांना एवढेच विचारा: हे पान कशावरून?

फांदी नीट पाहिली तर तिच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर खाचा दिसतात. नवी पट्टी निघते ती अशाच एखाद्या खाचेतून आणि कळी निघते तीही खाचेतूनच. उसाच्या कांडीवर जसे डोळे असतात तसेच हे डोळे आहेत. असे ओळीने डोळे असतात ते खोडाला, पानाला नव्हे. झाड जुने असेल तर बुंध्याजवळ गोल, लाकडासारखे टणक झालेले खोड वर जाऊन चपटे कसे होते, तेही दिसते. म्हणजे आपण ज्याला पान म्हणतो ते पानासारखे चपटे, हिरवे झालेले खोडच आहे. पानाचे काम खोडाने उचलले आहे आणि खरी पाने जवळजवळ नाहीशी झाली आहेत. फड्या निवडुंगाचे फडेही असेच चपटे खोड असतात. तिथे काट्यांमुळे आपल्याला निवडुंग ओळखू येतो, इथे काटे नसल्यामुळे ओळखू येत नाही.

ही फसगत फक्त आपलीच होते असे नाही. या झाडाच्या वंशाचे शास्त्रीय नाव आहे एपिफायलम. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो ‘पानावर’. फूल पानावर येते असे दिसले, म्हणून हे नाव. १८१२ मध्ये हे नाव दिले एड्रियन हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकाने. निवडुंगासारख्या मांसल वनस्पती हा त्याचा एक विषय, आणि दुसरा विषय म्हणजे फुलपाखरे व पतंग. ब्रिटनमधल्या पतंगांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. या दुसऱ्या विषयाचा आपल्या फुलाशी काय संबंध आहे ते पुढे येईलच. आत्ता लक्षात ठेवायचे ते एवढे: शास्त्रीय नावातही दिसण्यावरून झालेली एक चूक कायमची जाऊन बसली आहे. नियमाने आधी दिलेले नाव चालू राहते, अर्थ चुकीचा ठरला तरी.

मेक्सिकोतले झाड, जिनिव्हातली चित्रे

आता हे झाड मूळचे कुठले? दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला आणि त्यांच्या आसपासच्या दमट जंगलांतले. तिथे ते वाळवंटात वाढत नाही. मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, सालीवर साचलेल्या कुजलेल्या पाल्यात मुळे रोवून राहते. बांडगुळासारखे ते आश्रयदात्या झाडाचा रस शोषत नाही, फक्त जागा वापरते. आपल्याकडच्या आंब्या-जांभळांवर आमरी वाढते, तसेच.

१७८७ ते १८०३ या काळात स्पेनच्या राजाने मेक्सिको आणि आसपासच्या मुलखातल्या वनस्पतींची नोंद करण्यासाठी एक मोठी मोहीम चालवली होती. मार्तिन दे सेस्से हा तिचा प्रमुख, आणि होसे मारियानो मोसिन्यो हा मेक्सिकोतच जन्मलेला वैद्य-वनस्पतिज्ञ त्याचा सहकारी. बरोबर चित्रकार होते. त्यांनी हजारो झाडांची रंगीत चित्रे काढली. मोहीम संपल्यावर दोघे ही चित्रे घेऊन स्पेनला आले, पण तिथे युद्ध आणि सत्तापालट चालू होते. छापणे राहूनच गेले. सेस्से १८०८ मध्ये वारला. मोसिन्योला पुढे देश सोडून फ्रान्समध्ये पळावे लागले. चित्रे त्याच्याबरोबर होती. माँपेलिए या गावी ती त्याने ओग्युस्तँ द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हवाली केली. द कांदोल १८१६ मध्ये आपल्या जन्मगावी, जिनिव्हाला परतला, तेव्हा चित्रेही बरोबर गेली.

१८१७ मध्ये मोसिन्योचा निरोप आला: मला मायदेशी परतता येईलसे दिसते, माझी चित्रे परत पाठवा. द कांदोलपुढे पेच पडला. चित्रे ज्याची त्याला द्यायलाच हवी होती, पण त्यांची नक्कल मात्र कोणाकडेच नव्हती. त्याने गावाला हाक दिली. जिनिव्हातले शंभराहून अधिक लोक, त्यांत बहुसंख्य हौशी चित्रकार स्त्रिया, कामाला बसले आणि आठ-दहा दिवसांत सुमारे हजार चित्रांच्या नकला उतरवल्या गेल्या. या संग्रहाला पुढे ‘जिनिव्हाच्या स्त्रियांची वनस्पतिसंपदा’ अशा अर्थाचे नाव पडले. मूळ चित्रे घेऊन मोसिन्यो स्पेनला गेला आणि १८२० मध्ये बार्सिलोनात वारला. त्यानंतर ती चित्रे दीडशेहून अधिक वर्षे जणू हरवलेलीच होती. अखेर बार्सिलोनातल्या एका कुटुंबाच्या संग्रहात ती सापडली आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील हंट संस्थेने ती घेतली.

या मोहिमेच्या सामग्रीचा आधार घेऊन द कांदोलने १८२८ मध्ये आपल्या निवडुंगाचे शास्त्रीय वर्णन छापले. त्याने त्याला ‘ऑक्सिपेटलम’, म्हणजे टोकदार पाकळ्यांचा, असे विशेषण लावले. पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, हॉवर्थने त्याला आपल्या एपिफायलम वंशात आणून बसवले. तेव्हापासून त्याचे नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम. युरोपातल्या काचगृहांत आणि मग उष्ण देशांतल्या बागांत ते सहज पसरले, कारण त्याला बी लागत नाही. एक फांदी तोडायची, टोक सुकू द्यायचे आणि बोटीत ठेवायची. काही आठवडे पाणी नाही मिळाले तरी ती तग धरते.

दुसरे ब्रह्मकमळ

आता हिमालयातल्या ब्रह्मकमळाकडे वळू. उत्तराखंडात साधारण ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर, झाडांची हद्द संपून जिथे नुसते गवत आणि खडक उरतात, तिथे ते उगवते. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आहे; म्हणजे परभणीला सुमारे नऊ वेळा स्वतःच्याच डोक्यावर ठेवावे लागेल, तेव्हा आपण ब्रह्मकमळाच्या पायथ्याशी पोहोचू. जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान ते फुलते. दुरून दिसतो तो फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ पाकळ्यांचा द्रोण. पण त्या पाकळ्या नव्हेत, ती फुलांभोवतीची छदे, म्हणजे एक प्रकारची पानेच आहेत. थंडी-वाऱ्यापासून बचावासाठी त्यांनी केलेल्या या आडोशात बारीक जांभळ्या फुलांचे गुच्छ बसलेले असतात. हे झाड सूर्यफुलाच्या कुळातले आहे. केदारनाथ-बदरीनाथला ते देवाला वाहतात. भारतीय टपाल खात्याने १९८२ मध्ये हिमालयातल्या फुलांची तिकिटे काढली, त्यांत २ रुपये ८५ पैशांच्या तिकिटावर ब्रह्मकमळ होते. आज ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे.

याचे शास्त्रीय नाव सॉसुरिया ऑबव्हलाटा. यातला ‘सॉसुरिया’ हा शब्द आला जिनिव्हाच्याच सॉसुर पिता-पुत्रांवरून. वडील ओरास-बेनेदिक्त हे आल्प्स पर्वताचे अभ्यासक, मुलगा निकोला-तेओदोर हा वनस्पतींच्या श्वसनाचा आणि पोषणाचा अभ्यासक. वंशाला हे नाव १८१० मध्ये दिले द कांदोलने. आणि हिमालयातल्या या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले तेही द कांदोलनेच, १८३८ मध्ये. (तेव्हा त्याने ती वेगळ्या वंशात घातली होती, सॉसुरियात ती नंतर आली.) म्हणजे जी दोन झाडे पुढे ‘ब्रह्मकमळ’ या एकाच नावावर दावा सांगणार होती, ती दोन्ही दहा वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या टेबलावरून गेली, आणि ती एकमेकांची कोणी लागतात असे त्याच्या मनातही येण्याचे कारण नव्हते.

तसे पाहिले तर दोन्हींपैकी एकही कमळ नाही. तळ्यातले खरे कमळ दिवसा उमलते आणि रात्री मिटते.

रात्रीचे काम

मग आपले हे फूल रात्रीच का उमलते आणि सकाळी का मान टाकते? इथे हॉवर्थचे पतंग कामाला येतात. या फुलाचा पांढरा रंग अंधारात उठून दिसतो, वास दूरवर जातो, आणि मध असतो वीतभर लांब नळीच्या तळाशी. दिवसा येणाऱ्या मधमाशीला हे सगळे निरुपयोगी आहे. रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांसाठी मात्र ते अगदी सोयीचे आहे. त्या फुलाच्या मायदेशी परागीभवनाचे काम हेच पतंग करतात. पतंग रात्रीच येणार असेल, तर एवढे मोठे, पाणीदार फूल दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ताजे ठेवण्यात झाडाचा तोटाच आहे. आपल्याला जे क्षणभंगुर वाटते ते झाडाच्या हिशेबाने पुरेसे आहे.

रात्री जागते ते फक्त फूलच नव्हे. सगळे झाडच रात्रपाळी करते. बहुतेक निवडुंगांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ऊन आले की त्या साठ्यातून साखर बनते. याचा पहिला माग लागला तो दोनशे वर्षांपूर्वी. १८०४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात निवडुंगाचे फडे अंधारात कार्बन डायऑक्साइड शोषतात अशी नोंद एका शास्त्रज्ञाने केली. तो शास्त्रज्ञ म्हणजे निकोला-तेओदोर द सॉसुर. हिमालयातले ब्रह्मकमळ ज्याचे नाव वागवते, त्यानेच अंगणातल्या ब्रह्मकमळाच्या भाऊबंदांचे गुपित पहिल्यांदा टिपले होते!

दुसरा माग तर हिंदुस्थानातून मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन हाईनला असे आढळले, की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर. त्याची ही नोंद १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आली.

हे वर्गात सहज करून पाहता येते, मात्र चव घेऊन नको. पानफुटी पोटात जाणे चांगले नाही. पानफुटीचे एक पान भल्या सकाळी आणि त्याच झाडाचे दुसरे पान उन्हाच्या दिवशी दुपारी चारला तोडा. दोन्ही वेगवेगळी ठेचून रस काढा आणि सामू मोजण्याच्या कागदाची पट्टी त्यात बुडवा. दोन पट्ट्यांचे रंग मुलांनाच ताडून पाहू द्या. ब्रह्मकमळाच्या कोवळ्या फांदीचा तुकडा मिळाला तर त्यावरही हाच प्रयोग करता येईल.

नाव आधी, झाड नंतर

आता आत्याच्या प्रश्नाकडे येऊ. हे नाव पडले कसे?

उत्तर शोधायला थोडे लांब, चीनमध्ये जावे लागेल. चिनी भाषेत याच मेक्सिकन निवडुंगाला ‘थान ह्वा’ म्हणतात. ‘ह्वा’ म्हणजे फूल. आणि ‘थान’? तो आपल्या ‘उदुंबर’ या शब्दाच्या चिनी उच्चाराचा उरलेला तुकडा आहे. बौद्ध ग्रंथांत, फार दुर्मिळ गोष्टीला उदुंबराच्या फुलाची उपमा देतात. कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले, त्यातही ती आहे. त्यावरून चिनी भाषेत क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या गोष्टीसाठी ‘थान ह्वा’चा वाक्प्रचार रूढ झाला. आपण तरी वेगळे काय करतो? फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपणही ‘उंबराचे फूल’ म्हणतोच. (खरे तर उंबराची फुले दुर्मिळ नसतात, आपण ज्याला उंबर म्हणतो त्याच्या पोटातच ती शेकड्याने असतात. फोडून भिंगातून मुलांना जरूर दाखवा.)

कुमारजीवाच्या काळात अमेरिका खंडातला निवडुंग चीनला पोहोचणे शक्यच नव्हते. म्हणजे हजार-बाराशे वर्षे नाव होते आणि त्या नावाचे, डोळ्यांनी पाहावे असे झाड नव्हते. पाट मांडलेला होता, पाहुणा यायचा होता. मग कधीतरी समुद्रापलीकडून एक झाड आले. त्याचे फूल क्वचित येई, एकाच रात्रीत संपे. लोकांनी त्याला त्या पाटावर बसवले.

आपल्याकडेही हेच झाले. विष्णूच्या नाभीतून निघालेले कमळ आणि त्यात बसलेला ब्रह्मदेव ही कल्पना फार जुनी आहे. या फुलाच्या आत डोकावून पाहा. पुंकेसरांची दाट महिरप, आणि तिच्या मधून पुढे आलेली, टोकाला अनेक बोटे फुटलेली पांढरी कुक्षी. कोणाला त्यात फणा काढलेला शेष दिसतो, कोणाला कमळात बसलेला ब्रह्मदेव. रात्री उमलते, भल्या मोठ्या आकाराचे आहे, सुगंधी आहे, वाट पाहायला लावते. अशा फुलाला कोणते नाव द्यायचे याचा विचार फार करावा लागला नसेल. कानडी आणि तेलुगू मुलखातही हे झाड याच नावाने ओळखले जाते. केरळात त्याला निशागंधी म्हणतात, इंडोनेशियात विजयकुसुम, जपानात चांदण्यातली सुंदरी अशा अर्थाचे ‘गेक्का बिजिन’. प्रत्येकाने आपल्या घरात जो पाट रिकामा होता त्यावर त्याला बसवले.

आणि हा असा एकटाच पाहुणा नव्हे. गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरांत जिकडेतिकडे दिसणारे सीताफळ मूळ अमेरिका खंडातले. आपण त्याला सीतेचे नाव दिले आणि त्याच्या भावंडाला रामाचे. दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. (हा झेंडू सूर्यफुलाच्या कुळातला, म्हणजे नात्याने हिमालयातल्या ब्रह्मकमळाचा लांबचा भाऊ लागतो.) निशिगंधही मेक्सिकोचाच. इतकेच काय, ‘निवडुंग’ हे नावही आपण मुळात चिकाच्या, शेराच्या जातीच्या देशी झाडांसाठी वापरत होतो. अमेरिकेतला काटेरी पाहुणा आला तेव्हा तो तसाच दिसला म्हणून त्यालाही तेच नाव मिळाले, पुढे फक्त ‘फड्या’ जोडले गेले. शास्त्राच्या दृष्टीने या दोघांचे कुळ वेगळे आहे.

म्हणून झाडाच्या नावावरून त्याचे गाव ठरवायला जाऊ नये. झाड कुठून आले ते त्याचे अवयव, त्याचे भाऊबंद आणि ते रानात आपणहून कुठे वाढते यावरून कळते. नावावरून कळते ते दुसरेच: ते ज्यांच्या घरी आले त्या माणसांनी त्यात काय पाहिले. दोन्ही पुरावेच आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींचे. मी त्या रात्री एक पुरावा वापरून दुसरा खोडून काढायला निघालो होतो.

फांदीची वंशावळ

तरीही ‘नावात काय आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. मोबाइलवर दर पावसाळ्यात एक निरोप फिरतो, की ब्रह्मकमळ बारा किंवा चौदा वर्षांनी एकदाच फुलते आणि ते हिमालयातले दैवी फूल आहे. पहिली गोष्ट चूक आहे. चांगले वाढलेले झाड एका पावसाळ्यात दोन-तीनदा फुले देते. दुसरीतून अधिक नुकसान होते. गल्लोगल्ली दिसणारे फूल आणि हिमालयातले फूल एकच, असा समज झाला, की हिमालयातल्या झाडाची काळजी करण्याचे कारण उरत नाही. आपला निवडुंग फांदीवर वाढतो; फूल तोडले तरी त्याचे काही बिघडत नाही. हिमालयातल्या झाडाला पुढच्या पिढीसाठी बी हवे. बी धरण्याआधीच फुले खुडली जात राहिली तर त्या डोंगरउतारावर नवी झाडे येणार कुठून? यात्रेला जाणाऱ्या मुलांच्या घरी एवढा फरक पोहोचला तरी पुष्कळ झाले.

फांदीवर वाढण्याचीही एक मजा आहे. आपल्याकडे या झाडाला फळ धरलेले क्वचितच दिसते, कारण ते सहसा स्वतःच्याच परागांनी फळत नाही. आणि शेजारच्या घरातले झाड ‘दुसरे’ असते कुठे? ते याच्याच फांदीचे. त्याच्या शेजारचे त्याच्या फांदीचे. अख्ख्या गल्लीत दहा डब्यांत वाढलेले ते एकच झाड असू शकते. पुष्कळदा एका गल्लीतली फुले एकाच रात्री उमलतात, यात ऋतूच्या बरोबरीने या सारखेपणाचाही वाटा असावा.

यातून इतिहासाचा एक छान उपक्रम होतो. ज्या मुलांच्या घरी हे झाड आहे त्यांनी घरी विचारायचे: फांदी कोणी दिली, कधी दिली? मग त्या घरी जाऊन तोच प्रश्न. मिळालेली उत्तरे गावाच्या नकाशावर बाणांनी दाखवायची. बाण बहुधा माहेर-सासरच्या, बदल्यांच्या आणि शेजाराच्या वाटांनी जातील. परभणीतून सेलू-जिंतूरकडे, नांदेडकडे, कुठे पुण्यापर्यंत. झाडांच्या प्रवासाचा इतिहास दरवेळी राजेरजवाडे आणि मोहिमांनीच घडतो असे नाही. शेवटचा पल्ला बहुतेक वेळा कोणा आत्याने, मावशीने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेल्या फांदीने पुरा केलेला असतो. जिनिव्हाच्या त्या स्त्रियांच्या नकलांसारखाच.

शाळेत लावायचे असेल तर वीतभर लांबीची निरोगी फांदी घ्या आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेले टोक सुकू द्या. आपली काळी माती एकटी वापरू नका. तिच्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. हे झाड मुळात जमिनीवरचे नव्हे, झाडाच्या बेचक्यातले आहे. वाळू, विटांचा चुरा, कुजलेला पाला आणि थोडे शेणखत असे भुसभुशीत मिश्रण करा. डब्याला खाली भोके हवीत. परभणीच्या वैशाखातले थेट ऊन दाखवू नका, फांद्या पिवळ्या पडतात; कडुनिंबाखालची जागा उत्तम. हिवाळ्यात पाणी कमी करा. दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो. कळी आल्यावर रोज तिची लांबी मोजून नोंदवा. सुरुवातीला खाली लोंबणारी कळी उमलण्याआधी हंसाच्या मानेसारखी वळून वर येते. आत्या दुपारीच रात्रीचे भाकीत करी, ते कळीची ही वळलेली मान आणि फुगलेले टोक पाहून. तिने त्याला निरीक्षण म्हटले नसेल, पण होते ते निरीक्षणच.

त्या रात्री थांबलेला हात मग पुढे गेला. आत्याने कुंकू लावले, सगळ्यांना साखर वाटली आणि सकाळी मी निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फांदी माझ्या हातात दिली. “घेऊन जा तुझा निवडुंग,” ती म्हणाली. तो आज माझ्या गॅलरीत आहे. पहिली कळी धरली तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावणे पाठवले, आणि काय उमलणार आहे असे विचारल्यावर तोंडातून आपसूक निघाले, “ब्रह्मकमळ.”